डिजिटल खेळांचे किंमतनिर्धारण

संगणक, खेळयंत्र किंवा भ्रमणध्वनी यांवर महाजालावरून उतरवून घेता येणाऱ्या व्हिडिओ खेळांची किंमत ठरविण्याची पद्धती. अशा खेळाची किंमत आणि त्याची विक्री व त्यापासून होणारी प्राप्ती यांचा संबंध इतर बहुतेक वस्तूंपेक्षा वेगळा असतो. किंमत निम्म्यावर आणूनही एकूण प्राप्ती वाढल्याची उदाहरणे या व्यवसायात आढळतात. पैशाची बाजी लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ हा स्वतंत्र विषय आहे. त्यांवर भारतात १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के वस्तू व सेवा कर आकारण्यात आला व २०२५ च्या केंद्रीय कायद्याने त्यांवर बंदी घालण्यात आली. प्रस्तुत नोंदीत त्यांचा विचार केलेला नाही.

वस्तूचे स्वरूप : सातारा व सांगली या जिल्ह्यांतील दोन परिचित पिकांशी तुलना केल्यास या वस्तूचे वेगळेपण स्पष्ट होते. महाबळेश्वर–पाचगणी परिसरातील स्ट्रॉबेरी तोडणीनंतर थोड्याच दिवसांत नासते. त्यामुळे विक्रेत्यास मिळेल त्या भावाने ती विकावी लागते किंवा प्रक्रिया-उद्योगाकडे वळवावी लागते. याउलट, सांगलीच्या बाजारात येणारी हळद टिकाऊ असते. कृष्णा–वारणा संगमावरील हरिपूर येथे जमिनीखालील पेवांत ती दीर्घकाळ साठवून ठेवण्याची प्रथा होती. चांगला भाव येईपर्यंत थांबण्याची मुभा त्यामुळे मालकास मिळे. मात्र पेवातील हळद एकदा विकली की संपली. डिजिटल खेळ नासतही नाही व विकून संपतही नाही. एक प्रत विकली म्हणून दुसरी कमी होत नाही. नासते ते केवळ त्याचे नावीन्य. म्हणून ‘शिल्लक माल किती’ या प्रश्नाऐवजी ‘कोणता ग्राहक केव्हा किती देण्यास तयार आहे’ हाच प्रश्न येथे निर्णायक ठरतो.

परिव्यय : खेळाच्या निर्मितीचा जवळजवळ सर्व परिव्यय पहिली प्रत तयार होण्यापूर्वीच होऊन गेलेला असतो. चित्रकार, संगीतकार, आज्ञावलीकार यांच्या काही वर्षांच्या श्रमांचे मूल्य हा स्थिर परिव्यय होय. त्यानंतरच्या प्रत्येक प्रतीचा सीमांत परिव्यय नगण्य असतो. रंगभूमीची स्थिती काहीशी अशीच असते. नाटक बसविण्याचा खर्च आधी होतो व एक प्रेक्षक वाढल्याने तो फारसा वाढत नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगली येथे सीतास्वयंवर हे नाटक सादर केले, तेव्हा हा भार संस्थानाधिपती चिंतामणराव ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने उचलला गेला. १८५१ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर भावे यांच्या मंडळीस दौरे काढावे लागले व १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून प्रयोग करण्यात आले. राजाश्रयाची जागा प्रेक्षकांच्या पैशाने घेतली, की किंमतीचा प्रश्न उभा राहतो. नाट्यगृहातील आसनांस मर्यादा असते. डिजिटल खेळास तीही नसते.

मागणीची लवचिकता : किंमतीतील प्रमाणशीर घटीपेक्षा विक्रीतील प्रमाणशीर वाढ पुरेशी अधिक असेल, तर एकूण प्राप्ती वाढते. एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. ५०० रु. किंमतीस एखाद्या खेळाच्या १,००० प्रती खपतात व ५ लाख रु. प्राप्ती होते. किंमत २५० रु. केल्यावर २,४०० प्रती खपल्या, तर प्राप्ती ६ लाख रु. होते, म्हणजे निर्मात्यास १ लाख रुपयांचा लाभ होतो. परंतु हाच खेळ तबकडीवर विकला जात असून प्रत्येक तबकडीस १०० रु. खर्च येत असेल, तर पहिल्या किंमतीस ४ लाख रु. व दुसऱ्या किंमतीस ३ लाख ६० हजार रु. उरतात. ग्राहक तेच, त्यांची मागणी तीच. तरीही एका विक्रेत्यास किंमत उतरविणे हितकारक, तर दुसऱ्यास हानिकारक ठरते. २५० रुपयांस केवळ १,८०० प्रती खपल्या, तर मात्र डिजिटल विक्रेत्याचीही प्राप्ती ४ लाख ५० हजारांवर येते. यावरून प्रतींची संख्या वाढणे म्हणजे प्राप्ती वाढणे नव्हे, हे लक्षात येईल.

सवलतीची विक्री : ‘स्टीम’ हे विक्रीस्थळ चालविणाऱ्या व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीने २००९ मध्ये आपल्या सुटीतील सवलत-विक्रीचे आकडे जाहीर केले. १० टक्के सवलतीच्या खेळांची विक्री ३५ टक्क्यांनी, ५० टक्के सवलतीच्या खेळांची ३२० टक्क्यांनी, तर ७५ टक्के सवलतीच्या खेळांची १,४७० टक्क्यांनी वाढली. ही वाढ प्रतींची नसून रकमेची होती. कंपनीचे प्रमुख गेब न्यूवेल यांनी २०११ मध्ये आणखी एक अनुभव सांगितला. गाजावाजा न करता किंमत बदलली असता प्राप्ती जवळजवळ स्थिर राहिली. जाहीर केलेल्या ७५ टक्के सवलतीत मात्र ती सु. ४० पट झाली. यावरून किंमतीइतकाच तिच्या प्रसिद्धीचा व मुदतीचा प्रभाव पडतो, असे दिसते. अर्थात हे आकडे थोड्या दिवसांच्या विक्रीचे आहेत. त्यांवरून कायमची किंमत ठरविणे योग्य होणार नाही.

सवलतीमागे कालानुसार मूल्यभेदाचे तत्त्व असते. उत्सुक ग्राहक प्रकाशनाच्या दिवशी पूर्ण किंमत देतो, इतर ग्राहक काही महिन्यांनी कमी किंमतीस घेतात. सवलती वारंवार व ठराविक काळाने दिल्या, तर मात्र उत्सुक ग्राहकही थांबू लागतो व मूळ किंमत नाममात्र उरते. जपानची निन्टेन्डो कंपनी आपल्या प्रमुख खेळांच्या किंमती क्वचितच फारशा उतरविते, त्यामागे हेही एक कारण संभवते.

प्रदेशानुसार किंमत : एकच खेळ निरनिराळ्या देशांत तेथील क्रयशक्तीनुसार निरनिराळ्या किंमतीस विकला जातो. स्टीमवर २०१५ मध्ये रुपयांत किंमती देण्यास प्रारंभ झाला. कराड किंवा मिरज येथील विद्यार्थ्यास डॉलरमधील किंमत परवडत नसेल, तर तो एकतर खेळ घेत नाही किंवा चोरटी प्रत मिळवितो. दोन्ही परींनी निर्मात्यास काहीच मिळत नाही. रुपयांतील कमी किंमतीमुळे निदान काही रक्कम हाती येते. स्वस्त देशातील किंमतीचा लाभ इतर देशांतील ग्राहक घेऊ लागले, तर ही व्यवस्था कोलमडते. चलनाचे अवमूल्यन झपाट्याने होत असल्यासही ती टिकत नाही. अर्जेंटिना व तुर्कस्तान येथे २०२३ मध्ये स्टीमने स्थानिक चलन सोडून डॉलरमधील किंमती लागू केल्या.

विनामूल्य खेळ : किंमत शून्य ठेवून जाहिराती किंवा खेळांतर्गत वस्तूंच्या विक्रीतून प्राप्ती मिळविण्याची पद्धती भ्रमणध्वनीवर विशेष रूढ आहे. नवी मुंबईतील गेमेशन या कंपनीचा २०१६ मधील ‘लुडो किंग’ हा खेळ याच पद्धतीचा असून २०२० च्या टाळेबंदीत त्याचा वापर फार वाढला. या पद्धतीत बहुसंख्य खेळाडू काहीच देत नाहीत व प्राप्तीचा मोठा भाग थोड्या खेळाडूंकडून येतो. त्यामुळे अल्पवयीनांकडून नकळत खर्च होण्याचा धोका उद्‌भवतो. मुलांनी पालकांच्या संमतीविना केलेल्या अशा खरेदीबाबत अमेरिकेतील संघीय व्यापार आयोगाशी २०१४ मध्ये झालेल्या तडजोडीनुसार ॲपल कंपनीने किमान ३ कोटी २५ लाख डॉलर परत करण्याचे मान्य केले. शून्य किंमत नेहमीच व्यापारी हेतूने असते, असे मात्र नाही. सातारा जिल्ह्यातील वाई येथे सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचे खंड १९७६ पासून विक्रीस आले व २०११ मध्ये ते महाजालावर विनामूल्य उपलब्ध झाले. तेथे स्थिर परिव्यय शासनाने उचललेला असल्याने वाचकाकडून तो वसूल करण्याचे प्रयोजन उरले नाही.

लहान निर्मात्यांची स्थिती : ज्यास असा आश्रय नाही, त्या लहान निर्मात्यास किंमतीतील चूक पेलत नाही. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेच्या ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ या खेळासाठी २०१७ मध्ये केलेला लोकवर्गणीचा प्रयत्न उद्दिष्टापर्यंत पोहोचला नाही, अखेर २०२० मध्ये तो प्रकाशित झाला व पुढे नेटफ्लिक्सच्या वर्गणीदारांनाही उपलब्ध झाला. वर्गणीपद्धतीत प्रत्येक प्रतीच्या किंमतीचा प्रश्न मागे पडतो व मंचाशी झालेल्या कराराचे महत्त्व वाढते. सुट्या विक्रीत विक्रीस्थळाचा वाटा आधी वजा होतो. स्टीमचा सर्वसाधारण वाटा ३० टक्के आहे. ॲपल व गूगल यांनी २०२१ पासून लहान निर्मात्यांसाठी तो १५ टक्क्यांवर आणला. २५० रुपयांच्या प्रतीतून ३० टक्के वजा जाता, करापूर्वी, १७५ रुपयेच निर्मात्याकडे येतात. म्हणून आरंभीची किंमत अतिशय कमी ठेवल्यास पुढे सवलतीस वाव राहत नाही. ती फार अधिक ठेवल्यास पहिल्या आठवड्यांतील प्रसिद्धी वाया जाते. किंमत कमी-अधिक करून खेळाचा दर्जा बदलत नाही. परंतु त्याच निर्मात्यास दुसरा खेळ काढता येईल की नाही, हे बहुधा पहिल्या खेळाच्या किंमतीवर ठरते.