समेवर गप्प बसणारी गिटार

मुलांनो, आज वाचता वाचता थोडं वाजवायचंही आहे. घाबरू नका, वाद्य लागणार नाही. दोन तळहात पुरेत.

केरवा ताल माहीत आहे ना? भजनात, भावगीतात, लग्नाच्या बँडवर, सगळीकडे ऐकलेला. त्याचे बोल असे: धा गे न ती । न क धी न. आठ मात्रा. हे बोल सावकाश म्हणत राहा आणि टाळी मात्र तीनच बोलांवर द्या: 'धा', 'ती' आणि 'धी'. बाकीच्या बोलांना हात स्वस्थ. जमलं? आता मोजा. धा गे न, हे झाले तीन. ती न क, आणखी तीन. उरले धी न, म्हणजे दोन. तीन, तीन, दोन! ताल चालला चार-चारच्या पावलांनी आणि तुमची टाळी त्याच्यावरून तिरकी पळाली. आहे की नाही गंमत?

या तिरक्या चालीला क्युबा बेटावर 'त्रेसियो' म्हणतात. क्युबा, पोर्टो रिको, ब्राझील हे सारे लॅटिन अमेरिकेतले. तिथल्या स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषा लॅटिनपासून निघाल्या, म्हणून हे नाव. तिथले ठेके जगभर 'लॅटिन ठेके' म्हणून ओळखले जातात. पण ही चाल मूळची आफ्रिकेतली. युरोपातल्या व्यापाऱ्यांनी लाखो आफ्रिकी माणसांना गुलाम करून, जहाजांत कोंबून उसाच्या मळ्यांवर नेलं. क्युबातली गुलामगिरी १८८६ साली संपली, ब्राझीलमधली १८८८ साली. त्या माणसांजवळचं सगळं हिसकावून घेतलं गेलं, पण हातापायांतला ठेका कोण काढून घेणार? ऊस म्हटलं की आपल्याला कृष्णाकाठचं गुऱ्हाळ आठवतं, काकवी आठवते. त्यांना काय आठवत असेल!

आता बास गिटारकडे येऊ. गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात मागच्या बाजूला एक माणूस लांब दांड्याची, चार जाड तारांची गिटार घेऊन उभा असतो. सगळे गायकाकडे बघतात, याच्याकडे कुणी नाही. पण तो थांबला की गाणं एकदम पोकळ होतं. त्याच्या तारांची नावं जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी. ई तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते. आवाज इतका खर्जातला, की तो कानाआधी छातीत जाणवतो. अमेरिकेतल्या लिओ फेंडर यांनी १९५१ साली बाजारात आणलेली बास गिटार गाजली आणि हे वाद्य जगभर पसरलं. त्याआधी बहुतेक ठिकाणी माणसाहून उंच असा डबल बास उभ्यानं वाजवत. क्युबाचे थोर बासवादक इस्राएल लोपेझ ऊर्फ काचाओ (१९१८–२००८) लहानपणी तारांपर्यंत पोहोचत नसत, तर खोक्यावर उभे राहून वाजवत!

सांगलीकर मुलांना तारांच्या वाद्यांचं कौतुक मी काय सांगावं? मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आता सांगा, तंबोरा काय म्हणतो? बहुतेक वेळा प, सा, सा, सा. बास गिटारचंही निम्मं काम याच दोन स्वरांवर भागतं. गिटारलाही सतारीसारखे पडदे असतात. ए तारेच्या तिसऱ्या पडद्याशी 'सा' धरा, शेजारच्या ई तारेवर त्याच पडद्याशी खालचा 'प' मिळतो. उजव्या हाताची पहिली दोन बोटं आळीपाळीनं चालवा.

सुरुवात ब्राझीलच्या बोसा नोव्हानं करावी, असं माझं मत. तो सोपा. केरव्याच्या पहिल्या मात्रेवर सा, चौथीवर प, पाचवीवर प, आठवीवर सा. इथे सम सांभाळलेली असते, म्हणून आपली मुलं गडबडत नाहीत.

खरी परीक्षा क्युबाच्या 'तुंबाओ'ची. त्यात मघाच्या तीन टाळ्यांतली पहिलीच गाळायची! फक्त 'ती' आणि 'धी'. समेवर बास गप्प. शिवाय पुढच्या आवर्तनात स्वर बदलणार असेल, तर बास तो आधीच 'धी'वर वाजवून मोकळा होतो. पाहुणे दारात यायच्या आत पाण्याचा तांब्या मांडावा ना, तसं.

माझी एक विद्यार्थिनी आहे, सहावीतली, कोरेगाव तालुक्यातली. तिचा मामा सांगलीत ऑर्केस्ट्रात बास वाजवतो. दिवाळीच्या सुट्टीपुरती त्यानं तिला जुनी गिटार दिली, पण अट घातली: सुट्टीत तुंबाओ बसला तर पुढेही शिकवीन. आठ दिवसांत बोटांना फोड आले. ते सोसले तिनं, पण 'धा' सुटेना. हात आपोआप समेवर पडायचा. वडील भजनी मंडळात ढोलकी वाजवतात. ते म्हणाले, "अगं, समेला हातच न्हाई तर त्याला वाजवणं कोण म्हणंल?" झालं! पोरीनं गिटार खोळीत भरली.

त्या रात्री मामाचा फोन आला. सगळं ऐकून तो हसला. म्हणाला, "दाजी, तुमी ढोलकी घिऊन बसा. 'धा' तुमचा, बाकीचे दोन तिचे."

वडिलांनी केरवा धरला आणि 'धा' असा ठणकावला, की तिला तो वाजवायची गरजच उरली नाही. सम मोकळी कुठे होती? तिथे वडील बसलेले होते! पाऊण तासानं दोघांचं जुळलं. आई चहा घेऊन आली, तिचीही मान डोलत होती म्हणे. सुट्टी संपल्यावर गिटार सांगलीला परत गेली, मामाला कार्यक्रमांना लागते. ही आता जेवणाच्या पाटावर चार रेघा ओढून बोटं चालवते आणि रविवारची वाट बघते.

हे ठेके आपल्याकडे काही काल आलेले नाहीत. आजी-आजोबांना 'अलबेला' (१९५१) चित्रपटाबद्दल विचारा. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे आपले राम चितळकर. त्यांनी त्यात क्युबाचा बोंगो वाजवून घेतला. गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट तर त्या चित्रपटात पडद्यावरही दिसतात.

पालकांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. लगेच गिटार विकत घेऊ नका, महिनाभर टाळीवर काढा. नंतर घ्यायचीच झाली तर आखूड तारांची, सुमारे ३० इंचांची बघा. नेहमीची ३४ इंचांची असते, लहान हातांना तिचे पडदे लांब पडतात. अँप्लिफायरचा आवाज बेताचा ठेवा, कान एकदाच मिळतात.

आणि मुलांनो, गिटार नसली तरी एसटीत मांडीवर सराव होतो. साताऱ्याहून सांगलीला निघालात की शेजारच्याला 'धा' द्यायला सांगा आणि तुम्ही 'ती' आणि 'धी' सांभाळा. आधी सेकंदाला एक मात्रा, सवय झाली की दोन. कराड येईपर्यंत सांगा बरं, किती आवर्तनं न चुकता झाली?