ललिताजी आणि ‘फक्त दोनच शिल्लक!’

टीव्हीवरच्या ललिताजी आठवतात ना? १९८०च्या दशकात स्वस्त निरमापुढे सर्फची पावडर महाग वाटू लागली. जाहिरातकार ॲलेक पदमसींनी किंमत लपवली नाही. उलट भाजी पारखून घेणारी, पैपैचा हिशेब ठेवणारी गृहिणीच पुढे केली. स्वस्त वस्तू वेगळी, चांगली वस्तू वेगळी, असं ती कारण देऊन सांगे. पटो न पटो, विचार तरी करायला लावी!

आता मोबाईलवर झळकतं, ‘फक्त दोनच शिल्लक!’ हेतू हाच, की बाईनं विचारच करू नये. अशी खोटी घाई करायला भारतात २०२३च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मनाई आहे. तक्रार १९१५ या क्रमांकावर करता येते. तेव्हा मैत्रिणींनो, घाई दिसली की मोबाईल बाजूला ठेवा. उद्याही वस्तू हवीशी वाटली, तरच घ्या.