हीला: हात न लावण्याचा कारभार

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्याच्या नैर्ऋत्य भागात, मोगोयोन पर्वतरांग आणि तिच्या शेजारच्या डोंगरांवर पसरलेले हीला राष्ट्रीय वन सुमारे ३३ लाख एकरांचे आहे. ‘राष्ट्रीय’ या शब्दामुळे मराठी वाचकाला राष्ट्रीय उद्यान आठवेल, परंतु लाकूड, गुरेचराई, शिकार आणि सहली असे अनेक उपयोग येथे वनखात्याच्या देखरेखीखाली चालत असल्यामुळे त्याचे खरे साम्य आपल्या राखीव जंगलाशी आहे. या वनाच्या पोटात तीन ‘वाइल्डरनेस’ क्षेत्रे आहेत. वाइल्डरनेस म्हणजे रस्ते, इमारती आणि यंत्रे यांपासून कायद्याने मोकळे ठेवलेले रान. तेथे मोटार तर नाहीच, सायकलही चालत नाही आणि पायवाटेवर आडवे पडलेले झाड एरवी हातकरवतीनेच कापावे लागते. शिकारीला मात्र तेथे परवानगी आहे, आणि आपल्या अभयारण्याच्या कल्पनेशी येथे वाइल्डरनेसचा सांधा तुटतो.

वनअधिकारी आल्डो लिओपोल्ड यांच्या आग्रहामुळे ३ जून १९२४ रोजी हीलाचा एक मोठा भाग अशा रीतीने राखला गेला, आणि या प्रकारचे ते जगातील पहिले क्षेत्र मानले जाते. ओझ्याची जनावरे घेऊन दोन आठवडे भटकता येईल एवढा सलग, रस्ता नसलेला प्रदेश असावा, ही त्यांची मोजपट्टी होती. त्या वेळी हा केवळ खात्याचा आदेश होता. कायद्याचे बळ १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्याने मिळाले. या रानाला अस्पर्शित म्हणण्याचा मोह मात्र टाळावा, कारण मोगोयोन लोकांनी तेराव्या शतकात याच परिसरातील कड्यांमध्ये घरे बांधली होती आणि पुढे हा चिरिकावा अपाचे लोकांचा मुलूख होता. त्यांना येथून हुसकावल्यानंतरच तो ‘निर्मनुष्य’ ठरला.

आदेशाचे बळ किती तोकडे होते, हे लवकरच दिसले. लांडग्यांसारखे शिकारी प्राणी मारून संपवल्यामुळे हरणे बेसुमार वाढली, त्यांनी झाडोरा ओरबाडला, आणि ती कमी करण्यासाठी शिकाऱ्यांना आत जाता यावे म्हणून १९३० च्या सुमारास त्या राखीव रानातूनच नॉर्थ स्टार रस्ता काढण्यात आला. तरुणपणी लांडगे मारण्याच्या बाजूने असलेल्या लिओपोल्ड यांचे मत पुढे पालटले. त्या रस्त्याने तुटलेला पूर्वेकडील भाग १९८० मध्ये स्वतंत्र वाइल्डरनेस झाला आणि त्याला त्यांचेच नाव मिळाले. लांडगे मात्र १९९८ मध्ये शेजारच्या ॲरिझोनात माणसांनी पुन्हा सोडले, तेव्हा कुठे या मुलखात परतू लागले.

वणव्याची गोष्टही अशीच गुंतागुंतीची आहे. जाड सालीच्या पॉन्डेरोसा पाइनला जमिनीलगतची आग सहज सोसते; किंबहुना तिच्यामुळे खालचा पालापाचोळा आणि दाट रोपटी साफ होतात. दशकानुदशके प्रत्येक आग विझवली गेल्याने हेच जळण साचत गेले. १९७० च्या दशकापासून विजेमुळे लागलेल्या काही आगी लक्ष ठेवून जळू देण्याचे धोरण हीलामध्ये आले, आणि कोणती आग जळू द्यायची हे ऋतू, वारा व कोरडेपणा पाहून अधिकाऱ्यांना दर वेळी नव्याने ठरवावे लागते. २०१२ च्या कोरड्या उन्हाळ्यात विजेनेच लागलेल्या दोन आगी एकत्र मिळाल्या आणि जवळपास तीन लाख एकरांवर पसरल्या.