सुईकडून काय मागावं?

टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांत, म्हणजे आयव्हीएफमध्ये, ॲक्युपंक्चरचा बोलबाला झाला, तो मुख्यतः २००२ सालच्या एका छोट्या प्रयोगामुळे. जर्मनीतल्या उल्म शहरातल्या डॉक्टरांनी चिनी सहकाऱ्यांच्या साथीने १६० स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाला भ्रूण गर्भाशयात सोडण्याआधी २५ मिनिटं आणि नंतर २५ मिनिटं सुया लावल्या. दुसऱ्या गटाला सुया नाहीत. सुयांच्या गटात ४२.५ टक्के जणींना दिवस राहिले, दुसऱ्या गटात २६.३ टक्के. वर्षानुवर्षं वाट पाहणाऱ्या जोडप्याला हा फरक केवढा वाटला असेल! आयव्हीएफ घेणाऱ्या कित्येक जणी मग सुयांचीही चौकशी करू लागल्या.

पण सुया लावून घेणारीला ठाऊक असतं की आपल्यासाठी काहीतरी जास्तीचं चाललंय. मग गुण सुईचा की त्या दिलाशाचा? हे तपासायला संशोधकांनी खोटी सुई वापरली. तिचं टोक बोथट असतं. कातडीवर टेकवून दाबली की ती आपल्याच दांड्यात सरकते. बाईला टोचल्यासारखं वाटतं, पण आत काहीच जात नाही.

या खोट्या सुईने चित्र पालटलं. हाँगकाँगमध्ये ३७० जणींवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००९ साली आले. त्यात खऱ्या सुईच्या गटात ४३.८ टक्के जणींना दिवस राहिले, खोट्या सुईच्या गटात ५५.१ टक्के! पुढे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ८४८ स्त्रियांवर मोठी चाचणी झाली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत खऱ्या सुईच्या गटात १८.३ टक्के जणींना मूल झालं, खोट्या सुईच्या गटात १७.८ टक्के. हा फरक नसल्यातच जमा.

पाश्चात्त्यांना चिनी विद्या कळलीच नाही, असं म्हणायलाही जागा नाही. २०१७ साली खुद्द चीनमध्ये, पारंपरिक चिनी वैद्यकाच्याच विद्यापीठातल्या संशोधकांच्या पुढाकाराने, पीसीओएस हा संप्रेरकांचा विकार असलेल्या १००० स्त्रियांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. आठवड्यातून दोनदा, सोळा आठवड्यांपर्यंत उपचार. बीजांड बाहेर पडायला मदत करणाऱ्या क्लोमिफिनच्या गोळीने मूल होण्याचं प्रमाण वाढलं. सुयांनी वाढलं नाही. आपल्याच परंपरेला अशी कसोटी लावून निकाल जसा आला तसा छापणाऱ्या त्या संशोधकांबद्दल मला फार आदर वाटतो.

मग ही परंपरा मोडीत काढायची का? मला तसं वाटत नाही. ‘ह्वांगदी नेइजिंग’ या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात स्त्रीचं आयुष्य सातासातांच्या टप्प्यांनी मोजलंय. सातव्या वर्षी दुधाचे दात पडतात, चौदाव्या वर्षी पाळी येते, अठ्ठाविसाव्या वर्षी शरीर ऐन भरात असतं, पस्तिसाव्या वर्षी उतार लागतो आणि एकोणपन्नासाव्या वर्षी पाळी जाते. आजचे स्त्रीरोगतज्ज्ञही पस्तिशीचा आकडा काळजीने सांगतात. त्यामागची कारणं त्या वैद्यांनी ‘ची’ म्हणजे प्राणशक्ती आणि मूत्रपिंडातलं सत्त्व यांच्या भाषेत मांडली. ती आज टिकत नाहीत, पण निरीक्षण किती बारीक होतं!

तेच बारीक पाहणं चिनी वैद्याच्या तपासणीत आजही दिसतं. तो दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी पाहतो, जीभ बाहेर काढायला लावून तिचा रंग आणि थर बघतो. झोप लागते का, पोट साफ होतं का, हातपाय गार पडतात का, पाळीतल्या रक्ताचा रंग कसा असतो, सगळं विचारतो. मग सुया लावल्या जातात, अगदी बारीक. टोचल्या जागी थोडं जड वाटतं, मुंग्या येतात, आणि अर्धा तास काहीही न करता पडून राहायचं. गर्दीच्या आयव्हीएफ केंद्रात रिपोर्ट या टेबलावरून त्या टेबलावर सरकत असताना जे मिळत नाही, ते इथे मिळतं. मला वाटतं, बायका पुन्हा पुन्हा जातात त्या यासाठी. हा विसावा लहान नाही. आयव्हीएफ केंद्रांनीही रुग्णाला असा वेळ द्यायला हवा.

सुईचे काही गुण चाचण्यांत उतरलेतही. मनगटाच्या वळीपासून तीन बोटं वर, दोन कंडरांच्या मधोमध नेइगुआन नावाचा बिंदू आहे. शस्त्रक्रियेनंतरची मळमळ तिथे दिलेल्या दाबाने किंवा सुईने कमी होते, याला चांगला आधार आहे.

आपल्याकडे ही विद्या रुजवण्यात मोठा वाटा डॉ. विजयकुमार बसूंचा. १९३८ साली चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकात ते सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे सहकारी होते. १९५०च्या दशकाअखेर बसू पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात त्याचे उपचार सुरू केले. आज महाराष्ट्रात या उपचारासाठी वेगळा कायदाही आहे. म्हणून सुया लावून घ्यायच्याच असतील तर नोंदणीकृत चिकित्सकाकडे जावं, सुया पाकिटातून आपल्यासमोर काढायला सांगाव्यात आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगावं.

जडीबुटीच्या काढ्यांबाबत मात्र मी जास्त कडक बोलेन. नव्वदच्या दशकात ब्रुसेल्समध्ये वजन कमी करायला घेतलेल्या चिनी वनस्पतींत अरिस्टोलोकिया ही विषारी वनस्पती चुकून मिसळली गेली आणि शंभरहून अधिक जणांच्या मूत्रपिंडांना गंभीर इजा झाली, त्यांतल्या बहुतेक स्त्रिया होत्या. गर्भधारणेच्या प्रयत्नात असताना कोणतीही पुडी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नये.

आणि सर्वांत महाग पडतो तो वेळ. पस्तिशी ओलांडलेल्या स्त्रीने सहा महिने प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, तर आधी तपासण्या कराव्यात. सुया त्यासोबत चालू ठेवता येतील, त्याऐवजी नको. आपल्या घरांत उपास, नवस, काढे, सुया सगळं बाईच्याच वाट्याला येतं. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचंही कारण असतं, आणि वीर्याची तपासणी एका सकाळचं काम आहे. ती पहिल्याच आठवड्यात करून घ्यावी.