कॉकपिटमधला हीरो आणि शेवटची चौकट

बॉस, एक सिम्पल टेस्ट. ‘फायटर पायलट’ म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? लेदर जॅकेट, गळ्यात स्कार्फ आणि चेहऱ्यावर ‘घाबरतो कोण’ असा भाव. बरोबर? आपल्यापैकी बहुतेकांनी हा माणूस प्रत्यक्षात कधीच पाहिलेला नाही. तो आला कॉमिक्समधून. आणि तोही गोरापान!

आमच्या उमरेडला तो छोट्या लाइनने आला. नागपूरहून अंतर जेमतेम पन्नास किलोमीटर, पण नॅरोगेज गाडी (२०१९मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी ती बंद झाली) एवढी निवांत चालायची की बर्डीवरून घेतलेली दोन कॉमिक्स स्टेशन यायच्या आत संपायची. जुन्या पुस्तकांच्या ढिगात ‘इंद्रजाल’चे अंक हमखास सापडायचे. १९६४ला सुरू झालेली ही मालिका १९९०मध्ये बंद पडली, पण रद्दीत ती नंतरही भरपूर वर्षं जगली. बाकीच्यांचा लाडका वेताळ. माझा मात्र बझ सॉयर. रॉय क्रेनने १९४३मध्ये, ऐन महायुद्धात जन्माला घातलेला अमेरिकी नौदलाचा वैमानिक. दुपारी कोळसा खाणीत ब्लास्टिंग झालं की खिडक्या थरथरायच्या आणि आम्ही पोरं ‘बॉम्ब पडला बे!’ म्हणत अंगणात आडवी. सराउंड साउंड, तोही फुकटात!

मग हाती लागली ‘कमांडो’. डी. सी. थॉमसन या ब्रिटिश कंपनीने १९६१मध्ये काढलेली खिशात मावणारी पुस्तकं. आतली चित्रं ब्लॅक अँड व्हाइट, कव्हर मात्र एकदम भडक. स्पिटफायर, हरिकेन, धूर, आणि शेवटी गोऱ्या साहेबाचा विजय. ही मालिका आजही निघते.

आपले लोक कुठे होते?

प्रश्न साधा आहे, उत्तर भारी आहे. ते तिथेच होते! १९४०मध्ये २४ भारतीय वैमानिक ब्रिटनला पोहोचले. त्यातले महिंदरसिंग पुज्जी पगडी घालून हरिकेन उडवायचे. २०१४मध्ये इंग्लंडातल्या ग्रेव्हसेंडला त्यांचा पुतळा बसला. आपले हृषीकेश मुळगावकर महावीर चक्राचे मानकरी, १९७६ ते ७८ हवाई दलप्रमुख. पुढे २००९मध्ये त्याच खुर्चीत बसलेले प्रदीप नाईक तर जन्माने नागपूरकर. पण आमच्या ढिगात यातल्या एकाचंही कॉमिक नव्हतं. पोराला हीरो हवा असतो, त्याचा पासपोर्ट तो बघत नाही. जो छापला जातो, तोच हीरो होतो.

म्हणूनच ‘अमर चित्र कथा’ने २०१५मध्ये ‘परमवीर चक्र’ हा खास अंक काढला, तेव्हा मी तो मिळवून वाचला. २१ वीरांच्या गोष्टी. त्यात हवाई दलाचा एकच, कारण आजवर हा मान हवाई दलात एकालाच मिळालाय: फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीतसिंग सेखों. १४ डिसेंबर १९७१, श्रीनगर. सहा पाकिस्तानी सेबर विमानं चालून आली, धावपट्टीवर बॉम्ब पडत होते आणि सेखोंनी त्यातच आपलं इवलंसं नॅट हवेत घेतलं. सन्मानपत्र सांगतं, एका सेबरला त्यांचे गोळे लागले, दुसऱ्याने पेट घेतला. मग नॅट कोसळलं.

चौकट न संपणारी गोष्ट

कॉमिकची एक सोय असते. शेवटच्या पानावर शेवटची चौकट असते. हीरो जिंकतो नाहीतर तिरंग्यात परततो. खऱ्या आयुष्यात ही चौकट कधी कधी येतच नाही. त्याच युद्धात, ५ डिसेंबरला, फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे पाकिस्तानवरच्या मोहिमेतून परतले नाहीत. भारताच्या ‘बेपत्ता ५४’ सैनिकांच्या यादीत त्यांचं नाव आहे. असे कैदी आपल्याकडे नाहीत, असं पाकिस्तान सांगत आलंय. पत्नी दमयंती तांबे या राष्ट्रीय बॅडमिंटन चॅम्पियन, अर्जुन पुरस्कार विजेत्या. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. त्यांनी अर्धं आयुष्य या एका उत्तराच्या शोधात घालवलं. ही गोष्ट कुठल्या चित्रकाराने काढायची, आणि शेवटच्या चौकटीत काय दाखवायचं?

माझं म्हणणं, तरी काढावी. ती चौकट कोरी ठेवावी, पण काढावी. कारण नुसती जिंकणारी विमानं वाचून वाढलेल्या पोराला युद्ध म्हणजे व्हिडिओ गेम वाटतं. आणि हो, चित्रात मेकॅनिकलाही जागा द्या राव! आपल्या नागपुरातच, वायुसेनानगरात, हवाई दलाच्या मेन्टेनन्स कमांडचं मुख्यालय आहे. विमानं उडती ठेवण्याचं काम बघणाऱ्या या मंडळींवर कधी फुल पेज चित्र बघितलंय?

तर मंडळी, पुढच्या वाढदिवसाला भाच्याला रिमोटचं विमान देणार असाल, तर सोबत सेखोंची गोष्टही द्या. आणि ती वाचून झाल्यावर तांबेंची तुम्ही स्वतः सांगा. ती अजून कुणी काढलेली माझ्या पाहण्यात नाही.