बोधचिन्हाचा चौरस फुटाला भाव काय?

गेल्या दिवाळीच्या आधी नागावच्या एका काकांचा फोन आला. नारळी-पोफळीच्या वाडीत त्यांनी चार खोल्या बांधल्या होत्या आणि मुंबई-पुण्याचे पाहुणे ठेवायचे होते. "ताई, फाट्यावर लावायला पाटी हवी, कार्ड हवं, दरपत्रक हवं, आणि तो लोगो का काय म्हणतात तो हवा," इतके एका दमात सांगून त्यांनी विचारले, "स्क्वेअर फुटाला काय घेता?"

पाटीचे मी समजू शकते. पण बोधचिन्हाला फूटपट्टी कशी लावायची? तेच चिन्ह कार्डावर करंगळीच्या नखाएवढे असते आणि फाट्यावर आठ फुटांचे. नखाएवढे स्वस्त आणि आठ फुटांचे महाग, असे थोडेच असते?

तरीही प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. काकांनी आयुष्यभर जे पाहिले तेच विचारले होते. मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंतच्या आपल्या किनाऱ्यावर पाटी म्हणजे पेंटरचे काम. दुकानाच्या पत्र्यावर, शाळेच्या भिंतीवर, होडीच्या अंगावर तो ब्रशने अक्षरे काढी आणि हिशेब बहुधा फुटावर होई. त्या भावात रंग आला, मजुरी आली, आणि त्याच्या हाताचे वळणही आले. वळणाचे वेगळे पैसे कोणी विचारले नाहीत, त्यानेही कधी मागितले नाहीत. पुढे या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत फ्लेक्स आले. यंत्राचा भावही फुटावरच, आणि गिऱ्हाईक ओढण्यासाठी छपाईवाल्यांनी सांगायला सुरुवात केली, 'डिझाइन मोफत'. मोफत कसले, छपाईच्या भावातच ते धरलेले असते. पण लोकांच्या मनात पक्के बसले की पैसे प्लास्टिकचे आणि शाईचे असतात; विचार करण्याचे, अक्षर निवडण्याचे नसतात.

आमच्यासारख्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या डिझाइनरांचे भांडण दुसऱ्या डिझाइनरशी क्वचितच असते. ते या 'मोफत'शी असते. हल्ली त्यात मोबाइलवरच्या तयार नमुन्यांची आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने दोन मिनिटांत काढलेल्या चित्रांची भर पडली आहे. ती चित्रे पहिल्या नजरेला झकास दिसतात. मग लक्षात येते की 'श्री'ची वेलांटी भलतीकडेच गेली आहे.

पहिली दोन-तीन वर्षे मी समोरच्याचे तोंड पाहून आकडा सांगत असे. मुंबईहून गाडी घेऊन आलेला असेल तर जास्त, आळीतला असेल तर कमी, आणि नातलग असेल तर काहीच नाही. एका मार्चअखेरीस वही उघडून बसले तेव्हा कळले, कामे भरपूर झाली होती आणि हाती काही उरले नव्हते. त्यानंतर मी जो हिशेब मांडला तो इथे देते, कारण तो कोणालाही घरी बसून करता येईल. आकडे सोयीसाठी गोल धरले आहेत.

समजा, घराला महिन्याला ३०,००० रुपये लागतात. संगणक, सॉफ्टवेअर, वीज, इंटरनेट आणि इकडून रेवदंडा, तिकडून मुरूड अशा खेपांचे पेट्रोल मिळून आणखी १०,०००. वर्षाचे झाले ४,८०,०००. आजारपण, बसून काढलेले महिने आणि कधीतरी बंद पडणारा संगणक यांसाठी एकपंचमांश वर, म्हणजे ५,७६,०००. आता दिवस मोजू. वर्षाच्या ३६५ दिवसांतून रविवार, गणपती, शिमगा, दिवाळी आणि लग्नकार्ये वजा केली की २८० उरतात. पण त्यांतले निम्मे दिवस गिऱ्हाइकाला भेटण्यात, अंदाजपत्रक करण्यात आणि उधारी मागण्यात जातात. ज्याचे पैसे मिळतात असे दिवस हाती राहतात १४०. भागाकार केला की एका दिवसाचे साधारण ४,१०० रुपये येतात.

हा आकडा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मीच घाबरले होते. मी तोवर दिवसाला हजार-बाराशे सुटतील असे काम घेत होते आणि वर खुशीत होते.

काकांचे काम सहा दिवसांचे. म्हणजे २४,६०० रुपये. मात्र हा भाव नव्हे, हा तळ झाला. याच्या खाली गेले की होडी वाळूत रुतते. वर किती जायचे हे ठरवताना माझी वही उपयोगाची नसते, गिऱ्हाइकाची वही वाचावी लागते. काकांच्या चार खोल्या. एका रात्रीचे ३,००० धरले, तर एका भरलेल्या शनिवार-रविवारचे २४,००० होतात. पाटी, कार्ड आणि फोटोखालचे नाव नीट झाल्यामुळे वर्षात एकच रिकामा जाणारा शनिवार-रविवार भरला, तरी काकांचा जवळजवळ सगळा खर्च निघतो. तेच बोधचिन्ह राज्यभर पाकिटे विकणाऱ्या कंपनीने मागितले, तर दिवस तेवढेच लागतील. पण भाव तोच ठेवणे हा माझा शुद्ध वेडेपणा होईल. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्याच्या माळा रस्त्याकडेला विकणाऱ्या बाईंची चिठ्ठी आणि तोच कांदा परदेशी धाडणाऱ्या व्यापाऱ्याचे खोके, या दोन्हींवर मी सारखेच अक्षर काढीन. बिल सारखे होणार नाही.

केवळ तास मोजले तर काय होते याचे जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेत घडले. १९७१ साली पोर्टलंडच्या कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने नायके कंपनीचे ते बाकदार चिन्ह काढले. तासाला दोन डॉलर, साडेसतरा तास, एकूण ३५ डॉलर. हिशेबात एका पैचीही चूक नव्हती! पुढे १९८३ मध्ये कंपनीने तिला अंगठी आणि आपले काही शेअर दिले, पण तो झाला कंपनीचा मोठेपणा. याउलट १९८६ मध्ये पॉल रँड यांनी स्टीव्ह जॉब्ज यांच्या नेक्स्ट कंपनीसाठी चिन्ह केले आणि एक लाख डॉलर घेतले. पर्याय एकच देईन, वापरा अगर वापरू नका, पैसे द्यावे लागतील, ही त्यांची अट होती. अर्थात अशी अट घालायला आधी पन्नासेक वर्षांचे काम पाठीशी असावे लागते. अलिबागच्या बाजारात मी असे बोलले, तर चहासुद्धा मिळणार नाही.

आपल्या रुपयाचे चिन्ह स्पर्धेतून आले. मुंबई आयआयटीत शिकलेल्या डी. उदय कुमार यांचे चिन्ह १५ जुलै २०१० रोजी निवडले गेले आणि त्यांना अडीच लाख रुपये मिळाले. एका देशाच्या चिन्हाला ते थोडे की पुष्कळ, यावर वाद घालता येईल. माझा आक्षेप वेगळा आहे. स्पर्धेत भाव घेणारा ठरवतो, आणि ज्यांची निवड होत नाही त्या बहुतेकांनी फुकट काम केलेले असते. आपल्याकडे संस्था, महोत्सव, मंडळे यांना हल्ली बोधचिन्ह स्पर्धांचा मोठा सोस आहे. मी त्यांत भाग घेत नाही. दहा सुतारांकडून खुर्च्या करवून घेऊन एकाच खुर्चीचे पैसे कोणी देत नाही.

फुकटाची एक गोष्ट माझ्याही नावावर आहे. एका रिसॉर्टवाल्यांना मी आगाऊ रक्कम न घेता तीन नमुने पाठवले. "कळवतो" म्हणाले. दोन महिन्यांनी त्यातलाच एक नमुना त्यांच्या फाटकावर दिसला, रंग तेवढा बदललेला. तेव्हापासून निम्मे पैसे आधी, उरलेले शेवटची फाइल देण्यापूर्वी, आणि दुरुस्तीच्या फेऱ्या दोन, हे सगळे पत्रावर लिहून सही घेते. हक्कांचेही तसेच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर ते लेखी आणि सहीनिशी करावे लागतात. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. पुष्कळ गिऱ्हाइकांना वाटते की पैसे दिले म्हणजे सगळे कायमचे आपले झाले. ते तसे व्हावे असे दोघांनाही वाटत असेल, तर तसे लिहावे.

किनाऱ्यावर आणखी एक हिशेब असतो, तो पावसाचा. गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद होतात आणि पाहुण्यांबरोबर आमची कामेही आटतात. म्हणून जून ते ऑगस्टमध्ये दिलेल्या कामाला मी साधा भाव लावते, आणि दिवाळीच्या तोंडावर "परवा हवंय" म्हणणाऱ्याला दीडपट.

या सगळ्यापेक्षा अवघड गणित घरचे. ज्यांच्या घरात कोणी चित्रे काढणारे पोर आहे त्यांना ते ठाऊक असेल. आत्याकडच्या लग्नाची पत्रिका, मामाच्या दुकानाचे उद्घाटन, आळीतल्या गणपतीचा फलक. "दोन मिनिटांचं तर काम, तुला काय कठीण?" नाही म्हणवत नाही, आणि पैसे मागायला जीभ उचलत नाही. मी आता अशा कामाचेही बिल करते. त्यात पूर्ण रक्कम लिहिते आणि खाली 'सवलत' म्हणून ती वजा करते. आत्या प्रथम रागावली होती. मग तिने तो आकडा शेजारणीला दाखवला, जरा ऐटीतच.

नागावच्या काकांनी २४,६०० ऐकून फोन ठेवला. चार दिवसांनी पुन्हा केला, म्हणाले, जरा कमी करा. मी म्हटले, भाव कमी करत नाही, काम कमी करू. कार्ड आणि दरपत्रक वगळले, राहिले चार दिवसांचे काम, १६,४००. निम्मे पैसे त्याच संध्याकाळी आले.

शून्याचे बिल करायची सवय मात्र मला दिवेआगरच्या एका गृहस्थांमुळे लागली. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात त्यांची पोफळीची बाग आडवी झाली आणि मी केलेली पाटी उडून गेली. नवी पाटी करायला त्यांनी जुनी फाइल मागितली. मोजमाप बदलून सगळे नव्याने बसवावे लागले. त्यांच्याकडून काय घ्यायचे? बिलावर लिहिले: काम ६,०००, सवलत ६,०००, येणे शून्य. त्यांनी ते नीट घडी घालून नेले. दोन वर्षांनी मागच्या अंगणात आणखी तीन खोल्या बांधल्या तेव्हा ते आले, तोच कागद टेबलावर उलगडला आणि म्हणाले, "ताई, आता ही मधली ओळ तेवढी खोडा, आणि वरच्या आकड्यापासून बोला."