रिकाम्या पिकअप वाहनाची मागील उसळी : कारणे व उपाय

तिवसा हे अमरावती–नागपूर महामार्गावरील तालुक्याचे गाव. तालुक्यातील व शेजारच्या मोर्शी–वरूड भागातील बागांमधून आंबिया व मृग ह्या दोन्ही बहारांची संत्री बाजारात पोहोचविण्याचे काम आज मुख्यतः लहान मालवाहू वाहने, म्हणजे पिकअप, करतात. ह्या वाहनांचा निम्मा प्रवास भरलेल्या स्थितीत व निम्मा रिकाम्या स्थितीत होतो. भरलेले वाहन स्थिर चालते. परतीच्या वाटेवर मात्र त्याचा मागील भाग प्रत्येक उंचवट्यावर उसळतो, हा सर्वांचाच अनुभव आहे. ह्यावर दोन घरगुती उपाय केले जातात. कोणी कमानीतील एखादा पाटा काढून टाकतो, तर कोणी अधिक भार वाहता यावा म्हणून एखादा पाटा वाढवितो. पहिल्याने भरलेले वाहन दुबळे होते व दुसऱ्याने रिकाम्या वाहनाची उसळी वाढते. हे असे का घडते व योग्य उपाय कोणता, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

कमानीवर तोललेल्या वस्तुमानाची नैसर्गिक वारंवारता दोन राशींवर अवलंबून असते : कमानीची दृढता आणि ते वस्तुमान. हाच संबंध अधिक सोप्या रूपात असा मांडता येतो, की स्थिर भाराखाली कमान जितके सेंटीमीटर दबते त्या संख्येच्या वर्गमुळाने ५ ला भागले असता दर सेकंदास होणारी आंदोलने मिळतात. कमान जितकी कमी दबलेली, तितकी वारंवारता अधिक.

उदाहरणादाखल सोयीचे आकडे घेऊ. एका पिकअपच्या दोन्ही मागील कमानींची एकत्रित दृढता दर सेंटीमीटरास १,६०० न्यूटन आहे. रिकाम्या स्थितीत त्यांच्यावर ५०० किलोग्रॅम व भरलेल्या स्थितीत १,७०० किलोग्रॅम वस्तुमान आहे, असे मानू. रिकाम्या स्थितीत कमानी ३·१ सेंटीमीटर दबतील व वारंवारता २·८५ येईल. भरलेल्या स्थितीत त्या १०·४ सेंटीमीटर दबतील व वारंवारता १·५४ वर उतरेल. तात्पर्य, १,७०० किलोग्रॅमसाठी घडविलेली कमान ५०० किलोग्रॅमखाली वापरली जाते, हेच उसळीचे मूळ कारण होय. तो कमानीतील बिघाड नव्हे.

ह्या वारंवारतेचा रस्त्याशी संबंध येतो तो असा. वऱ्हाडातील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे तिच्यावरील रस्त्यांच्या पृष्ठभागास, विशेषतः बागांकडे जाणाऱ्या आतील रस्त्यांस, लाटांचे रूप येते. ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदास १५ मीटर, वेगाने जाणाऱ्या आपल्या रिकाम्या वाहनास सुमारे सव्वापाच मीटर लांबीच्या लाटा अनुनादी ठरतात. वेग कमी करताच अनुनाद मोडतो, पण तो अधिक आखूड लाटांशी पुन्हा जुळू शकतो. म्हणून एकाच रस्त्यावर एखाद्या विशिष्ट वेगाला उसळी असह्य होते.

पुढील व मागील कमानींच्या परस्परसंबंधाचा पद्धतशीर अभ्यास मॉरिस ऑली ह्यांनी १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत केला. पुढील कमानींची वारंवारता मागील कमानींपेक्षा किंचित कमी असावी, म्हणजे उंचवटा उशिरा गाठणारा मागील भाग पुढील भागास लवकर गाठतो व वाहन डुलण्याऐवजी सपाट वर-खाली होते, हे त्यांचे सूत्र सर्वमान्य आहे. रिकाम्या पिकअपमध्ये हा फरक किंचित न राहता फार मोठा होतो. परिणामी वाहन झोपाळ्यासारखे पुढे-मागे डुलू लागते.

पाट्यांच्या कमानीचा आणखी एक गुणधर्म येथे लक्षात घेतला पाहिजे. पाटे एकमेकांवर घासतात. चिखल व गंज ह्यांमुळे हे घर्षण वाढले, की लहान धक्क्यांना कमान हलतच नाही. ती जणू लोखंडी ठोकळा बनते व वाहन केवळ टायरांवर तोलले जाते. दोन टायरांची दृढता दर सेंटीमीटरास ५,००० न्यूटन व आसासह वस्तुमान ६५० किलोग्रॅम धरल्यास ही वारंवारता सुमारे ४·४ येते. उभ्या दिशेच्या कंपनांस मानवी शरीर दर सेकंदास ४ ते ८ आंदोलनांच्या पट्ट्यात सर्वाधिक संवेदनशील असते. रिकाम्या वाहनात चालकाची पाठ दुखते त्याचे एक कारण ह्यात आहे.

आता मालाकडे वळू. आंदोलनाचा विस्तार कमानीच्या स्थिर दबण्याइतका झाला, म्हणजे वरच्या टोकाशी खाली येण्याचे त्वरण गुरुत्वत्वरणाइतके होते व वाहनावर नुसते ठेवलेले फळ क्षणभर भारहीन होते. मग ते उचलले जाते, फिरते व शेजारच्या फळांवर आदळते. पूर्ण भरलेल्या वाहनात ह्यासाठी १०·४ सेंटीमीटरांचा विस्तार लागेल. केवळ ४०० किलोग्रॅम माल असल्यास ५·५ सेंटीमीटर पुरेत. ह्यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो : अर्धवट भरलेल्या वाहनातील संत्र्यास पूर्ण भरलेल्या वाहनातील संत्र्यापेक्षा अधिक धोका असतो. नागपुरी संत्र्याची साल सैल असल्याने ही इजा विशेष जाणवते, आणि तिचा भार मुख्यतः थोडा माल पाठविणाऱ्या लहान बागाइतदारावर पडतो.

उपायांचा क्रम कारणांच्या क्रमानेच ठरतो. प्रथम टायरांतील हवा. उत्पादकाने रिकाम्या व भरलेल्या स्थितींसाठी वेगळा दाब सांगितला असल्यास तो पाळावा. दुसरा उपाय, पाटे स्वच्छ करणे, टोकांशी घर्षण कमी करणाऱ्या पट्ट्या बसविणे व झिजलेले बुश बदलणे. तिसरा, धक्काशोषकांची तपासणी. आपल्या उदाहरणात रिकाम्या स्थितीत ०·३ हे अवमंदन-गुणोत्तर देणारा धक्काशोषक भरलेल्या स्थितीत केवळ ०·१६ देतो. पहिल्या स्थितीत प्रत्येक आंदोलनानंतर १४ टक्के विस्तार उरतो, तर दुसऱ्या स्थितीत ३५ टक्के. झिजलेल्या धक्काशोषकाने दोन्ही स्थिती बिघडतात. उसळणाऱ्या चाकाची रस्त्यावरील पकड क्षणोक्षणी कमी होत असल्यामुळे हा प्रश्न केवळ सुखाचा नसून ब्रेकचाही आहे.

मागे वाळूची पोती टाकण्याच्या प्रथेचा लाभ अल्प आहे. १५० किलोग्रॅम वाळूने वारंवारता २·८५ वरून २·५० वर येते. मोबदल्यात इंधन खर्ची पडते आणि अपघातात सुटी पोतीच घातक ठरू शकतात.

मूलगामी उपाय म्हणजे द्विस्तरीय कमान. समजा, मुख्य पाट्यांची दृढता दर सेंटीमीटरास ८०० न्यूटन ठेवली, आणि ८ सेंटीमीटर दबल्यानंतर हेल्पर पाटे टेकून एकूण दृढता १,८०० न्यूटन होईल अशी रचना केली. रिकाम्या स्थितीत कमान ६·१ सेंटीमीटर दबेल व वारंवारता २·०१ होईल. पूर्ण भाराने वाहन त्याहून ७·६ सेंटीमीटर खाली बसेल. मूळ कमानीत ते ७·४ सेंटीमीटर बसत होते. म्हणजे भारवाहकतेस बाध न आणता रिकाम्या वाहनाची उसळी पुष्कळ सौम्य होते. मात्र ह्या रचनेत दोन स्थितींना लागणाऱ्या अवमंदनातील अंतर वाढते, हे विसरता येत नाही. पाट्यांचे घर्षण भाराबरोबर वाढत असल्याने त्याची काहीशी भरपाई होते. उरलेली तडजोड धक्काशोषक निवडताना करावी लागते. शिवाय, वाहनाच्या नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून भिन्न होईल असा फेरबदल करण्यावर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने निर्बंध घातला आहे; म्हणून असा बदल उत्पादकाच्या मान्य रचनेतूनच व्हावा.

जेथे कमान बदलणे शक्य नाही, तेथेही एक गोष्ट विनामूल्य करता येते : थोडा माल असल्यास तो फळीच्या टोकाशी न ठेवता मागील आसाच्या पुढे ठेवावा व घट्ट बांधावा. टोकाशी वर-खाली होण्यात डुलण्याचीही भर पडते.

विद्यार्थ्यांस ह्या विषयाचा प्रत्यय घेण्यासाठी मोजपट्टी पुरेशी आहे. चौकट व आस ह्यांमधील अंतर रिकाम्या व ज्ञात भाराच्या स्थितीत मोजावे. फरकावरून कमानीची दृढता व तीवरून दोन्ही वारंवारता काढाव्यात. तिवश्याच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या कोणत्याही पिकअपवर हा प्रयोग अर्ध्या तासात होतो, आणि पाटा काढावा की वाढवावा ह्या वादाचे उत्तर त्या दोन आकड्यांतच सापडते.